गुडघ्याचा नवस

सायकल मी चाळिशी उलटल्यावर शिकले, आणि तीही नवऱ्याकडून. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते, 'तुम्ही' म्हणते, पण हे लिहिताना तसं म्हणवत नाही. का म्हणवत नाही, तेच सांगायला बसले आहे.

डहाणूत स्टेशनजवळ आमचं इलेक्ट्रिकचं दुकान. दिवसभर स्टुलावर बसून नवऱ्याचं पोट सुटलं, डॉक्टरांनी डोळे वटारले आणि २०१४ च्या दिवाळीत त्याने गिअरची सायकल आणली. रविवारी पहाटे जायचा, दहाच्या सुमारास परत यायचा आणि मग दिवसभर गोष्टी. चिकूच्या वाड्यांमधून गेलो, ओढा ओलांडला, कुठल्याशा पाड्यावर कोंबड्या मागे लागल्या. मी पोळ्या लाटत ऐकायची. एक दिवस म्हटलं, "मलाही यायचंय."

"तू? पडशील."

"पडले तर उठेन. तुम्हाला उचलायला नाही सांगणार."

खोटं कशाला बोलू, त्याने शिकवली. मनापासून शिकवली. गावात लोक बघतील म्हणून मला धाकटी डहाणूला खाडीच्या बांधावर नेलं. एका बाजूला तिवरं, दुसऱ्या बाजूला खाजणाचा राखाडी चिखल, त्यात निवट्या, ते चिखलातले छोटे मासे, उड्या मारतायत. तो मागून सीट धरून पळतोय आणि मी पुढे किंचाळतेय. बोंबील वाळत घालणाऱ्या बायका हातातलं काम टाकून बघत उभ्या राहिल्या. गावातली चार माणसं चुकवायला आलो आणि इथे अख्खी जत्रा! मी गेले ती थेट चिखलात. एक म्हातारी ओरडली, "अगो बाय, निवट्या धराया आलीस का सायकल शिकाया?" नवरा इतका हसला की त्याला बांधावर बसावं लागलं. मीही हसले. तो चिखल कपड्यांवरून गेला नाही, आणि मी ते कपडे टाकलेही नाहीत.

पुढची दीड-दोन वर्षं आमचा रविवार ठरलेला. घोलवडच्या एका वाडीवाल्याच्या मुलीची जुनी गिअरची सायकल मला मिळाली. भरती-ओहोटी बघून कधी खाडीचा बांध, कधी आशागडवरून गंजाडपर्यंत. चढ आला की तो पुढे जायचा आणि वर ताडाखाली एक पाय जमिनीवर टेकून माझी वाट बघायचा. मी दिसले की घंटी वाजवायचा. घंटी ऐकली की उरलेला चढ मला सोपा जायचा. ह्यात काही काव्य नाही, जायचा तो खरंच सोपा.

माझी एक खोड होती. मी थांबायची. कुणाच्या अंगणात भात झोडताना दिसलं की थांब, कुणी ओळखीचं हसलं की थांब. गंजाडला रस्त्याला लागून एका आजीचं घर आहे. तिच्याकडे तर थांबल्याशिवाय पुढे जाणं नाही. ती तांब्याभर पाणी द्यायची, मग सुनेचं गाऱ्हाणं, मग माझं सासूचं. नवरा रस्त्यावर उभा राहून घड्याळ बघायचा. म्हणायचा, "तुझी सायकल रस्त्यावर कमी आणि लोकांच्या अंगणात जास्त." मला ती थट्टा वाटायची. बाई, थट्टेत माणूस किती खरं बोलतो, हे तेव्हा कळत नाही.

एक बेत मात्र दोघांचा होता, तलासरीचा. हायवेने नाही, आडवाटेने. गंजाडवरून आत शिरायचं, पाड्यापाड्यांतून डोंगराच्या कडेने तलासरी गाठायची आणि येताना बोर्डीच्या किनाऱ्याने घरी. जेवताना तो ताटाभोवती रस्ता मांडायचा. मिठाची वाटी म्हणजे डहाणू, पाण्याचा पेला गंजाड आणि लोणच्याची बरणी तलासरी. मधल्या कोशिंबिरीतून बोट फिरवत म्हणायचा, "इथे मोठा चढ आहे, तुला सराव पाहिजे." मी सराव करत होते. रोज सकाळी दूध आणायलासुद्धा सायकलवर जायची. शेजारची गुजराती भाभी गॅलरीतून म्हणायची, "बेन, दूध लेने जाती है के रेस में?"

२०१६ च्या पावसाळ्यानंतर नवऱ्याचा गुडघा धरला. उजवा.

एका रविवारी पहाटे मी तयार होऊन बसले तर हा पलंगावरून उठेना. "आज नको. गुडघा दुखतोय." पुढच्या रविवारी तेच. डॉक्टर म्हणाले झीज असेल, सायकल काही दिवस बंद ठेवा, सपाटीवर चाला. त्याने सायकल एका मित्राच्या वाडीत नेऊन ठेवली. म्हणाला, "घरात डोळ्यासमोर असली की जीव जळतो." मी त्या दिवशी त्याच्या आवडीची शेवयांची खीर केली, कप्पाळ माझं!

रविवारी पहाटे तो स्कूटरने समुद्रावर सावकाश चालायला जायचा. दहाला यायचा, घामाघूम. मला वाटायचं, बिचारा, साधं चालतानासुद्धा किती त्रास होतोय. मग संध्याकाळी दुकान बंद करून आला की माझा कार्यक्रम. भाभीच्या परसातल्या झाडाचा निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करायचा, एरंडेल लावायचं, गुडघ्यावर पाला बांधायचा. तो डोळे मिटून पडायचा. "आहा," म्हणायचा. "बरं वाटतंय." एकदा दुकानातून फोन आला तेव्हा मात्र पाला बांधलेल्या पायाने दोन-दोन पायऱ्या उतरत गेला. मी खूश झाले. म्हटलं, पाला लागू पडतोय!

मी एकटी का गेले नाही सायकलवर? सगळे विचारतात. गेले असते. दोन-तीनदा गेलेही. पण परत आले की तो खिडकीशी बसलेला असायचा, विचारायचा, "कुठपर्यंत गेलीस?" आणि मग गुडघा चोळायला लागायचा. त्याच्या वाटणीचा घास आपण खातोय असं मला वाटायचं.

चैत्रात महालक्ष्मीची यात्रा भरते, हायवेच्या कडेला, गडाच्या पायथ्याशी. आम्ही दोघं स्कूटरने गेलो. रांगेत धक्के खात गाभाऱ्यापुढे आलो आणि मी हात जोडून मोठ्याने म्हटलं, कारण आमच्याकडे नवस मनातल्या मनात बोलत नाहीत, देवीला ऐकू गेला पाहिजे आणि साक्षीला माणूस पाहिजे. "आई, ह्यांचा गुडघा बरा कर. तोवर मी सायकलच्या पायडलला पाय लावणार नाही. बरा झाला की सायकल घेऊन येईन आणि तुझ्यापुढे नारळ ठेवीन."

नवरा माझ्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल इतका जवळ उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. देवीकडे बघत राहिला. मला वाटलं, भरून आलं. बाहेर येऊन तो एवढंच म्हणाला, "असलं काही बोलायची काय गरज होती?" मी म्हटलं, "तुमच्यासाठी एवढं नाही करणार?" त्यावर त्याने मला उसाचा रस पाजला. बर्फ घालू नको म्हणून त्या रसवाल्याला बजावलं, माझा घसा धरतो म्हणून.

त्या दिवशी तो बोलू शकत होता. रांगेत नाही तर रसाच्या गाडीपाशी. तिथेही नाही तर घरी. सांगितलं असतं तर मी चार दिवस बोलले नसते, पाचव्या दिवशी हसले असते. पण नाही. मी सायकल जिन्याखाली उभी केली, जुनी चादर टाकली आणि दूध आणायला चालत जायला लागले.

पावसाळा गेला. भाभीने मागच्या बाजूला भिंत घातली आणि त्यात निर्गुडीचं झाड गेलं. आता पाला आणायचा कुठून? मला गंजाडची आजी आठवली. तिच्या घरामागे ओढ्याला निर्गुडी माजलेली असायची. एका मंगळवारी शेअर रिक्षा पकडून गेले. किती महिन्यांनी जात होते! आजी अंगण सारवत होती. मला बघून शेणाचे हात तसेच वर करून हसली.

"आज गाडीनं? सायकल कुठं तुजी?"

म्हटलं, "आजी, ह्यांचा गुडघा दुखतोय ना. वर्ष झालं. त्यासाठीच पाला न्यायला आलेय."

आजीने हात खाली घेतले. "कोणाचा गुडगा?"

"ह्यांचा. माझ्या नवऱ्याचा."

"तुज्या शेटचा? तो तं परवा इथनं गेला. सायकलीवर. पाच-सहा जणं होती. पाणी पिला, तलासरीला जातो बोलला. मी इचारलं, बाय कुठं हाय? तं बोलला, तिला नाय जमत आता." माझं तोंड बघून तिला कळलं असावं. हळू आवाजात म्हणाली, "दर आठवड्याला नाय जात गं. कवा कवा जातो."

कवा कवा! बिचारी मला सावरायला गेली आणि उरलंसुरलं तेही सांगून बसली.

मी अंगणाच्या कडेला बसले. राग नाही आला आधी. लाज वाटली. वर्षभर संध्याकाळी तो पाला तव्यावर परतणारी मी, फुंकर घालून बांधणारी मी, 'फार गरम नाही ना?' विचारणारी मी. आणि तो डोळे मिटून 'आहा' म्हणणारा. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात. गुडघ्याचं येतं, चांगलं वर्षभर येतं. आणि 'तिला नाय जमत आता'? मला? माझा पाय कुणी बांधला होता?

पाला मी आणला. संध्याकाळी तो जेवायला बसला तेव्हा मिठाची वाटी ठेवली, पेला ठेवला, लोणच्याची बरणी ठेवली. म्हटलं, "मधला चढ कसा आहे? मोठा आहे का खरंच?"

त्याचा घास हातातच राहिला. बरणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आजीने सांगितलं?"

म्हणजे काय, कुणी सांगितलं ते महत्त्वाचं! मी म्हटलं, "देवीने सांगितलं. बोला."

मग तो बोलला. आधीच्या पावसाळ्यात दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी काही जणांचा ग्रुप झाला. ते जोरात जायचे. त्याला जोरात जायचं होतं. माझ्याबरोबर दर फर्लांगावर थांबावं लागायचं, माझ्या गप्पा संपायच्या नाहीत, ऊन चढायचं. "तुला येऊ नको म्हणालो असतो तर तुझं मन दुखलं असतं."

"मन दुखेल म्हणून गुडघा दुखवलात?"

"एक-दोन रविवार म्हणून सुरू केलं गं. मग तू पाला बांधायला लागलीस. मग कसं सांगायचं?"

"आणि नवस? मी नवस बोलले तेव्हा शेजारी कोण उभं होतं?"

तो मिठाच्या वाटीकडे बघत बसला. दुसरी बाई असती आणि तिच्यापायी खोटं बोलला असता, तर मी भांडले असते, भांडी आपटली असती, निदान काय करायचं ते ठाऊक असतं. इथे दुसरं कुणीच नव्हतं. ह्याला फक्त मी नको होते, रविवारच्या चार तासांपुरती. एवढंच. एवढंच म्हणायला सोपं आहे, पण आठवड्यात मला आवडणारे तास तेवढेच होते.

आता पंचाईत बघा. नवस बोलले होते गुडघा बरा होण्याचा. दुखतच नव्हता तो बरा कसा होणार? आणि बरा झाल्याशिवाय मी पायडलला पाय लावायचा नाही. म्हणजे ह्याने खोटं बोलायचं, तलासरीला जायचं, आणि मी जन्मभर दूध चालत आणायचं. नवरा म्हणाला, "खोट्या दुखण्याचा नवस लागूच होत नाही. चादर काढ आणि चालव." मी म्हटलं, "दुखणं खोटं होतं, नवस खरा होता. मी खरीच बोलले होते." मग म्हटलं, "चला माझ्याबरोबर देवीपुढे, आणि तुमच्या तोंडाने सांगा." तर एरवी कुठल्या देवाला हात न जोडणारा हा माणूस पांढराफटक पडला. "काय सांगू? बरा झाला म्हणून?" नाहीच आला.

भाभीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बेन, माताजीने तो उसी दिन देख लिया था. तू तेरा नारळ रख के आ." तेवढ्याने मला धीर आला.

नवस पायडलला पाय न लावण्याचा होता. हात लावायला बंदी नव्हती. मी सायकल पुसली, हवा भरली, टेंपोत घालून गंजाडपर्यंत नेली आणि तिथून महालक्ष्मीपर्यंत हाताने ढकलत चालत गेले. भर सकाळी, धड सायकल हातात घेऊन चालणारी बाई. येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारी, "पंक्चर झाली काय?" पहिल्या काही जणांना नाही म्हटलं. मग कंटाळून हो म्हणायला लागले. एक मोटारसायकलवाला तर पंप घेऊन परत आला, त्याला टायर दाबून दाखवावा लागला. तो डोकं खाजवत निघून गेला.

देवीपुढे नारळ ठेवला. गुरवाने विचारलं, "काय नवस होता?"

"नवऱ्याचा गुडघा."

"झाला का बरा?"

म्हटलं, "कधी दुखलाच नव्हता."

गुरवाने नारळ फोडला, अर्धा माझ्या हातात दिला. मी देवीकडे काही मागितलं नाही. मनात होतं ते असं की, तू बघत होतीस, मला तेव्हाच का नाही सांगितलंस? मग बाहेर येऊन पायडलवर पाय ठेवला. सहा-सात महिन्यांनी. आधी हँडल डगमगलं, पण दोन वळणांनंतर सगळं परत आलं.

गंजाडला आजीच्या अंगणात नवरा स्कूटर घेऊन उभा होता. आजी त्याला काहीतरी सुनावत होती, हातातला झाडू हलवत. मला बघून दोघंही रस्त्याकडे आली. त्या घरापुढून मी पहिल्यांदा न थांबता गेले.

नंतर घर चाललं, घरं चालतातच. दुकान, सण, आजारपणं. सायकल मी चालवत राहिले, एकटीच, खाडीच्या बांधावरून, हवं तिथे थांबत. त्याचा ग्रुपही हळूहळू पांगला. तो रविवारी घरी बसायला लागला. दोन-तीनदा म्हणाला, "तुला तलासरीला न्यायचं राहिलंय." मी ऐकलं न ऐकलंसं करायची. पण २०१९ च्या हिवाळ्यात एकदा तो म्हणाला, "तुला हवं तिथे थांब. दिवस जाऊ दे." आणि मला वाटलं, जाऊ दे. किती दिवस लोणच्याच्या बरणीकडे बघत जेवायचं!

पहाटे निघालो. थंडी होती, भात कापून झालेली शेतं मोकळी पडलेली, पाड्यांवर शेकोट्या. मी आजीकडे थांबले, पुढे एका लग्नघरापाशी थांबले. तो उभा राहिला, घड्याळाकडे बघितलं नाही. रस्ता सुंदर होता, त्याने बोटाने मांडला होता अगदी तसाच. मला रडू येत होतं आणि त्याला दाखवायचं नव्हतं, म्हणून मी सायकल पुढे काढली.

मोठा चढ आला. मी न उतरता वर गेले. वर खरंच एक ताड होता. एक पाय जमिनीवर टेकून मी वाट बघत राहिले. घंटी वाजवली नाही. बऱ्याच वेळाने तो आला, सायकल ढकलत, एक हात मांडीवर.

"थांब जरा," तो म्हणाला. "गुडघा दुखतोय."

मी विचारलं, "कुठला?"

"उजवा."

त्याला घाम आला होता, ओठ दाबलेले होते. पण तेव्हाही घाम असायचा, तेव्हाही ओठ असेच असायचे. एके काळी ह्या माणसाला ताप यायच्या आधी मला त्याच्या डोळ्यांवरून कळायचा. आता तो समोर उभा राहून सांगत होता, दुखतोय, आणि मला काहीच कळत नव्हतं. माझा हात सवयीने त्याच्या गुडघ्याकडे गेला आणि मधेच थांबला. त्याने तो थांबलेला बघितला.

"खरंच दुखतोय गं," तो म्हणाला.

"असेल," मी म्हटलं आणि पाण्याची बाटली त्याला दिली.

तलासरी खाली दिसत होती. दोघं सायकली हातात धरून उतरायला लागलो. तो लंगडत पुढे चालला होता. मी मागून त्याच्या पावलांकडे बघत होते, उतारावर तो लंगडायचं विसरतो का ते.